बाजारात पटापट हिशोब करणारी मुलगी वर्गात का अडते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीचा वर्ग. वर्गातली एक मुलगी आठवडी बाजारात आईबरोबर भाजी घेऊन बसते. चाळीस रुपये किलोची वांगी पाऊण किलो, वर दहाची कोथिंबीर, गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली की मान वर न करता साठ परत करते. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी फळ्यावर ४५ × ३ दिसलं की पेन्सिल चावत बसते. शिवाय वर्गात तिला धीर नाही, हात वर न करता मध्येच बोलते. तुम्ही विचारलंय: ‘संस्कृतीचा बौद्धिक विकासावर परिणाम होतो असं डीएडला शिकलो होतो. मग अशा मुलांची बुद्धीच वेगळी असते का? हिला तपासणीला पाठवू का? पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, तर मी वर्गात करू काय?’

आधी स्पष्ट सांगते, बुद्धी वेगळी नाही. पण ‘गणित येतंच तिला, फक्त घाबरते’ असं समजलात तर तेही पुरं पडणार नाही. माणूस जे शिकतो ते ज्या कामात, ज्या माणसांबरोबर आणि ज्या साधनांनी शिकतो, त्याला ते बरंच चिकटून राहतं. ते तिथून सोडवून दुसरीकडे वापरणं हे एक वेगळं शिक्षण आहे आणि ते कुणीतरी मुद्दाम द्यावं लागतं. मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेण्यात आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात इतकी वर्षं गेल्यावर मी ज्या एका गोष्टीवर ठाम आहे ती हीच.

तुमच्या वर्गातलं कोडं पूर्वी फार नीट तपासलं गेलंय, ब्राझीलच्या रेसिफे शहरात. तेरेझिन्हा नूनेस, डेव्हिड कॅरहर आणि अनालुसिया श्लीमान या तिघांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांकडे गिऱ्हाईक बनून जाऊन हिशोब विचारले. मग तीच गणितं त्याच मुलांना कागद-पेन्सिल देऊन घातली. १९८५ साली हा अभ्यास छापून आला. बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर, शाब्दिक उदाहरणांत सुमारे ७४ टक्के आणि नुसत्या आकडेमोडीत जेमतेम ३७ टक्के. मुलं होती फक्त पाच, त्यामुळे टक्केवारीवर मी फार भार देत नाही. त्यातल्या एका मुलाचं उत्तर मात्र मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते.

बारा वर्षांचा मुलगा, एक नारळ ३५ क्रुझेरोंना (ब्राझीलचं तेव्हाचं चलन). गिऱ्हाईक म्हणालं, चार दे, किती झाले? मुलगा म्हणाला, तीनचे एकशेपाच, त्यात तीस, एकशेपस्तीस… एक नारळ पस्तीसचा… एकशेचाळीस. पुढे त्यालाच कागदावर ३५ × ४ दिलं. तो मोठ्याने बोलत सोडवू लागला: चार पाचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००.

हातचा आधी मिळवला आणि मग गुणलं, ही चूक तुम्ही शेकडो वह्यांत पाहिली असेल. माझ्या मते खरी बघण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. चार नारळांचे दोनशे, हे उत्तर त्याला खटकलंच नाही. बाजारात त्याने दोनशे मागितले असते तर गिऱ्हाइकाच्या आधी तोच चमकला असता. तिथे त्याच्या तोंडातला ‘तीस’ हा खरोखर तीस असतो, तीन नोटांएवढा. कागदावर तो नुसता ‘तीन’ होतो, त्याला आकारमान राहत नाही. उभ्या मांडणीची सगळी करामतच यात आहे की प्रत्येक अंक एकेरी समजून वागवायचा आणि त्याचं वजन जागेवर सोपवायचं. फार ताकदीची युक्ती आहे ती, पण जागेचा अर्थ न कळता शिकवली की उत्तर खरं वाटतं की नाही हे तपासायची सवयच मुलांच्या हातून सुटते.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून जास्त मुलांवर हाच अभ्यास केला, तो २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. बाजारातली मुलं तोंडी व्यवहारात तरबेज, शाळेच्या पद्धतीच्या सोप्या गणितांत कच्ची. त्याहून बोलका भाग उलट बाजूचा: बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं पाठ्यपुस्तकातली आकडेमोड बरी करत होती, पण बाजारासारखा व्यवहार समोर आला की पार गडबडत होती. म्हणजे आपण ज्यांना ‘गणितात हुशार’ म्हणतो त्यांचं गणितही वर्गाला तितकंच चिकटलेलं असतं. आपण त्यांना बाजारात तपासत नाही, म्हणून ते उघडं पडत नाही, इतकंच.

आता ‘संस्कृती’ या शब्दाबद्दल जरा कडक बोलते, कारण आपल्याकडे तो फार सैल वापरला जातो. शिक्षकांच्या खोलीत ‘त्यांच्या समाजातच शिकायची आवड नाही’ हे वाक्य मी ऐकते तेव्हा मला कळतं की जातीचं नाव घ्यायची चोरी झाल्यावर तिथे संस्कृती हा शब्द बसवलाय. मानसशास्त्रात संस्कृती म्हणजे जात, धर्म किंवा आडनाव नाही. मूल रोज काय करतं, कुणाबरोबर करतं, कोणती हत्यारं, मापं, चिन्हं वापरतं, मोठी माणसं त्याच्याशी कशी बोलतात आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवतात, हे सगळं मिळून संस्कृती. एका घरातल्या दोन बहिणींची यात वेगवेगळी घडण होऊ शकते. एक काट्यावर बसते, दुसरी घरी धाकट्याला सांभाळते. हिशोब पहिलीचा पक्का होतो; लहान मुलाला दोन-तीन तास रमवत ठेवायचं कसब दुसरीकडे येतं आणि त्याला शाळेत कुणीच गुण देत नाही.

डीएडच्या नोट्समध्ये तुम्ही सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की वाचला असणार, बहुधा पाच गुणांपुरता. त्याचा सहकारी अलेक्झांडर लुरिया १९३१ आणि ३२ साली उझबेकिस्तानात गेला होता. क्षयाने आजारी असल्यामुळे व्हायगॉट्स्की स्वतः जाऊ शकला नाही. लुरियाने निरक्षर शेतकऱ्यांना चार चित्रं दाखवली: हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. यातलं न जुळणारं कोणतं? आपलं उत्तर ठरलेलं, ओंडका, कारण बाकीची हत्यारं. शेतकरी म्हणत, सगळीच लागतात. ओंडका काढला तर करवत कापणार काय? दुसरा प्रश्न असा: उत्तरेकडे जिथे बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोव्हाया झेमल्या उत्तरेला आहे, तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? यावर, मी तिथे गेलेलो नाही, जो गेलाय त्याला विचारा, अशा धाटणीची उत्तरं आली. थोडंफार शिकलेले, सामूहिक शेतीच्या कारभारात पडलेले लोक मात्र प्रश्नाच्या चौकटीत राहून उत्तर देत.

लुरियाने यातून काढलेला अर्थ असा की विचार खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर चढतो. तो मला पटत नाही आणि नंतरच्या कामाने तो टिकलाही नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात क्पेले जमातीच्या लोकांना वस्तूंचे गट पाडायला सांगितले, तेव्हा ते सुरी आणि फळ एकत्र ठेवत, कारण सुरीने फळ कापतात. शहाणा माणूस असंच करेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी संशोधकाने विचारलं, मग मूर्ख माणूस कसं करेल? तेव्हा त्यांनी हत्यारं एकीकडे, खायच्या वस्तू दुसरीकडे असे अगदी आपल्या पाठ्यपुस्तकासारखे गट पाडून दाखवले. म्हणजे तसं करता येत होतंच, पण ते करण्यात शहाणपण आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

त्याच देशात सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकेल कोल या मानसशास्त्रज्ञांनी वाई नावाच्या जमातीबरोबर १९७०च्या दशकात केलेलं काम शिक्षकांसाठी सर्वांत उपयोगाचं आहे. वाईंची स्वतःची लिपी आहे, ती शाळेत न जाता घरीदारी शिकतात आणि पत्रव्यवहार, हिशोब यांना वापरतात. काही जण अरबीत कुराण पाठ करतात, काही इंग्रजी शाळेत जातात. त्यामुळे साक्षरता आणि शाळा या दोन गोष्टी तिथे सुट्या करून बघता आल्या. दिसलं ते असं: अस्वलासारख्या कोड्यात कारण सांगता येणं हे मुख्यतः शाळेने येतं, नुसत्या लिहिता-वाचता येण्याने नाही. कुराण पाठ करणाऱ्यांची क्रमाने वाढत जाणारी यादी लक्षात ठेवण्यात सरशी. वाई लिपीवाल्यांना तुटक अक्षरध्वनी जोडून वाक्य ओळखणं सोपं जायचं. ज्याचा जसा सराव तशी त्याची पकड, सरसकट कुणीच ‘जास्त बुद्धिमान’ झालं नाही.

आता हे तुमच्या वर्गात आणू. शाळेची स्वतःचीही एक संस्कृती आहे आणि आपण तिच्यात इतके मुरलोय की ती दिसत नाही. तुम्ही वर्गात विचारता, ‘सांगा बरं, पंचेचाळीस त्रिक किती?’ उत्तर तुम्हाला माहीत आहे आणि तुम्हाला ते माहीत आहे हे मुलांनाही माहीत आहे. बाजारात असं कुणी विचारत नाही. तिथे विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं, चुकलं तर कुणाचे तरी पैसे जातात. ज्या घरांत आई-बाबा पुस्तक उघडून ‘हा कोणता प्राणी? किती पाय?’ असं विचारत असतात, ती मुलं पहिलीत येण्याआधीच शाळेच्या या खेळात तयार होतात. इतर मुलांना खेळाचे नियम कुणी सांगत नाही; ती नियमांत हरतात आणि आपण लिहितो ‘आकलन कमी’.

साधनांचंही तसंच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी पाठ असत. त्यांचा मेंदू वेगळा नव्हता. रुपयाचे सोळा आणे होते, मापं शेर-पायलीची होती, पाव आणि दीड यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, मागोमाग किलो-लिटर आले आणि त्या पाढ्यांचं कामच संपलं. तुमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीतही ही वेळ येऊ घातलीय. काटा आता इलेक्ट्रॉनिक, दर टाकला की रक्कम दाखवतो; क्यूआर कोड लावलेल्या पाटीवर सुटे परत द्यायचा प्रश्नच नाही. म्हणून ‘भाजी विकते म्हणजे हिशोब येतो’ असं धरून चालू नका. ती नेमकं काय करते ते बघा: दर ठरवते, वजन करते, पैसे घेते, की नुसत्या पिशव्या भरते? मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संशोधकांनी धारावीतल्या मुलांचं कामातलं गणित तपासलंय. माझाही अनुभव असा की जी मुलं नगावर टिकल्या चिकटवतात त्यांना त्या कामातून फारसं गणित मिळत नाही, जी माल आणणं आणि भाव ठरवणं यात असतात त्यांना पुष्कळ मिळतं. काम करणं म्हणजे आपोआप शिकणं, असं नाही.

एक गाठ आपल्या मराठीची. ‘पंचेचाळीस’ म्हणताना पाच आधी, लिहिताना चार आधी. तोंडी हिशोबात याने काही बिघडत नाही. लिहायला लागलं की ४५ चे ५४ होतात. जर्मन भाषिक मुलांतही अशा चुका दिसतात, कारण त्यांची संख्यानावंही अशीच उलटी. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’सारखी जोडीची वाचनपद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. भाषा बुडते वगैरे ओरड मला तेव्हाही अनाठायी वाटली होती. तुमच्या वर्गात दोन्ही वापरा. ‘पंचेचाळीस, म्हणजे चाळीस आणि पाच’ असं रोज तोंडातून जाऊ द्या.

आता तिच्या अधीरपणाबद्दल. धीर धरणंही सवयीनेच घडतं. २०२२ मध्ये क्योटो आणि अमेरिकेतलं बोल्डर इथल्या चार-पाच वर्षांच्या मुलांची तुलना छापून आली. खाऊसाठी थांबायचं होतं तेव्हा जपानी मुलं जास्त वेळ थांबली, गुंडाळलेली भेट उघडण्यासाठी थांबायचं होतं तेव्हा अमेरिकन मुलं. जपानात सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत थांबायची सवय आहे, अमेरिकेत भेटी वाढदिवसाला किंवा नाताळला एकदम उघडायची. आपल्याकडचं मूल नैवेद्य दाखवेपर्यंत मोदकाला हात लावत नाही आणि तेच मूल बसच्या दारात अर्धा मिनिट थांबत नाही. बाजारात गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला वेळ लावला तर ते शेजारच्या पाटीवर जातं. तुमची मुलगी ताबडतोब बोलते ते तिच्या कामात बरोबरच आहे. वर्गात हात वर का करायचा हे तिला एकदा शांतपणे सांगा, आणि तिने केला की लवकर लक्ष द्या.

आता करायचं काय. पहिलं, तिला बाजारात कधी न येणारा प्रश्न विचारा: सदतीस रुपये किलो, सव्वादोन किलोचे किती? चाळीसच्या पाव-अर्ध्याचे आकडे पाठ असतात, सदतीसचे नसणार. ती ‘दोनचे चौऱ्याहत्तर, पावचे नऊ-सव्वानऊ, त्र्याऐंशी घ्या’ अशा वाटेने गेली तर तिच्याकडे पाठांतर नाही, खरा विचार आहे. ती अडली तर मात्र तुम्हाला बरंच खालून सुरू करावं लागेल.

दुसरं, तिची पद्धत फळ्यावर लिहा. ४५ × ३ ती बहुधा ‘दोन पंचेचाळीस नव्वद, आणखी पंचेचाळीस, एकशेपस्तीस’ असं करेल. ते ९० + ४५ असं मांडा. शेजारी ४० × ३ = १२० आणि ५ × ३ = १५ लिहा. मग उभी मांडणी करा आणि हातच्या एकावर बोट ठेवून विचारा, हा एक यातला कुठला? तो पंधरातला दहा आहे हे तिचं तिला सापडू द्या. याला एक तास लागतो की पंधरवडा, हे मुलावर आहे. घाईने दोन मांडण्यांच्या मधली पायरी गाळली तर सगळं मुसळ केरात.

तिसरं, कुठलंही गणित लिहिण्याआधी सगळ्या वर्गाकडून अंदाज घ्या. शंभराच्या वर की खाली? दोनशेच्या जवळ? बाजारातली मुलं इथे चमकतात आणि बाकीच्यांना याचीच गरज असते.

चौथं जरा नाजूक आहे. तिला ‘आमची भाजीवाली’ करून वर्गापुढे उभं करू नका. काही मुलांना आपलं काम सांगायला आवडतं, काही जण मेल्याहून मेले होतात. त्यापेक्षा सगळ्यांची कामं आणा: डेअरीच्या पावतीवरचं फॅट आणि दर, शिवणकामातलं कापड, क्रिकेटमधला रन रेट. तिचं काम मग त्यातलंच एक होईल.

तिची तोंडी पद्धत फार गोड मानूनही चालणार नाही. ४८ × ३६ दिलं की ती पद्धत दमते, शेकडेवारी आली की अडते आणि बीजगणितात तिचा पाय टेकत नाही. कागदावरचं गणित तिला मिळायलाच हवं, तो तिचा हक्क आहे. बाजाराच्या दिवशी ती शाळा बुडवत असेल तर त्यावरही आईशी बोला, पण आधी मुलीच्या हिशोबाचं कौतुक करून.

तपासणीबद्दल. आपल्याकडे चालणाऱ्या बिने-कामत आणि नागपूरच्या मलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेल्या बुद्धिमापन चाचण्या मी स्वतः वापरलेल्या आहेत. त्या टाकाऊ नाहीत, पण त्यांतले पुष्कळ प्रश्न शाळेच्या वळणाचेच असतात. म्हणून आकडा एकटा वाचू नये. तुमच्या वर्णनावरून मी या मुलीला आत्ता पाठवणार नाही. तीन गोष्टी दिसल्या तर जरूर पाठवा: बाजारातही साधी तुलना जमत नसेल, गणिताबरोबर वाचनही अडत असेल, किंवा वरच्यासारखं नीट काम करूनही दोन-तीन महिन्यांत हातचा, जागा, अंक यांत काहीच हलत नसेल. त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या, फळा न दिसणाऱ्या कितीतरी मुलांना आपण ढ ठरवतो. घरी वेगळी बोली असेल, वडारी, गोरमाटी, पारधी, तर चाचणी घेणाऱ्याला ते आधी सांगा.

आणि परीक्षेचं. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडीकाम आणि प्रात्यक्षिक यांना जागा आहे, तिचे तोंडी हिशोब तिथे नोंदवा आणि नोंद नेमकी करा: ‘गणितात रुची आहे’ असं मोघम लिहिण्याऐवजी ‘दोन अंकी संख्येचा गुणाकार फोड करून तोंडी करते, लेखी मांडणीत हातचा आधी मिळवते’. पुढच्या वर्षी सहावीचे सर ती नोंद वाचतील तेव्हा त्यांना कुठून सुरुवात करायची ते कळेल. वार्षिक परीक्षेत लेखीच येणार, त्यामुळे उभ्या मांडणीचं काम दिवाळीनंतर लगेच सुरू करा, फेब्रुवारीपर्यंत ठेवू नका.